बोराटीनं बंद केलेली वाट

हे मी कुणापुढं काढलेलं नाही. पोरापुढं नाही, भावापुढं नाही, मठातल्या स्वामींपुढं नाही. महादेवाच्या पिंडीपुढं बसलो तरी हे सोडून बाकीचंच बोलत आलो — त्याला काय, सगळं ठाऊकच असंल म्हणून. पण त्याला ठाऊक असणं आणि आपल्या तोंडानं सांगणं, ह्यात फरक असतो का नाही? असतो. म्हणून तर इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

आज लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर बैलाच्या मुतासारखं वाकडं जातं. पण बोलून सांगायला गेलो तर मधीच थांबंन, हे मला माहीत आहे. आणि आज थांबायला सवड नाही. पोरगा नांदेडहून निघालाय. टेम्पोत लोखंडी अँगल आणि काटेरी तारेची बंडलं घालून आणतोय. सडकेवर कुठल्याही गाडीचा आवाज आला की मी उठून दारात जाऊन बघतो. अजून तो आलेला नाही. तोवर लिहितो.

कुठून सुरू करू? बोराटीपासून करतो.

बोराटी तुम्ही बघितली असंल. रानबोराची बुटकी जाळी. बांधाच्या कडंला, खडकाळ जागी, गुडघ्याएवढी, लई झालं तर कमरेएवढी. बोर वाटाण्याएवढं, आत बी मोठी, गर नावाला. पण त्या नावाच्या गराला जी चव असते ती बाजारच्या मोठ्या बोराला नाही. तिला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. नांगरानं उपटली तरी मुळाचा तुकडा राहिला की पावसाळ्यात पुन्हा वर येते. बोरं सरली की बुडातून तोडायची. पाला शेरडं खातात, फांद्या कुंपणाला. फळाला आलेली बोराटी मात्र आमच्याकडं कुणी तोडत नाही. तोडणारा माणूस बरा नव्हं म्हणतात.

तिला काट्यांची जोडी असते. एक सरळ, एक वाकडा. सरळ काटा टोचतो, माणूस ओरडतो, काढतो, झालं. वाकडा आत जाऊन अडकून बसतो.

माझी बायको शेवंता. तिला जाऊन आता कितीतरी पावसाळे झाले. चाकूरकडच्या आमच्या ह्या रानात कुठल्या जाळीचं बोर कसं लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. ओढ्यावरचं आंबट, ते भज्जीत, म्हणजे शेंगा-पाल्याच्या मिसळभाजीत घालायचं. बांधावरचं तुरट, ते वाळवून कुटायचं. विहिरीवरच्या एका जाळीचं बोर गुळासारखं, मागून जराशी मिरचीसारखी झणझण — ते नुसतं खायचं. मी म्हणायचो, बोर म्हणजे बोर, त्यात काय एवढं. ती म्हणायची, "तुमच्या जिभंला काय, पेंड घातली तरी खाताल."

शेजारचं रान पुतळाबाईचं. ती आणि शेवंता दोघी रेणापूरकडच्या, एका गल्लीत वाढलेल्या. म्हणून ती मला दाजी म्हणायची. नवरा लवकर गेला, एकुलता एक पोरगा मारोती, त्याच्या जिवावर रान करायची. तिच्या रानात जायची वाट आमच्या बांधावरून होती. आजची नाही, माझ्या आज्याच्या वक्तापासूनची. दुसरीकडून जायचं तर ओढा ओलांडून लांबचा वळसा. पावसाळ्यात तर तेही नाही.

हिवाळा आला की ह्या दोघींचं बोरकूट सुरू. पुतळाबाईच्या अंगणात मोठं उखळ होतं. वाळलेली बोरं कुटायची, चाळायची, मीठ-तिखट-गूळ घालायचा. काम घटकेचं, बोलणं दिवसभराचं. बोलत काय असतील, देव जाणे. आणि घरी आली की शेवंता गप्प. भाकर वाढायची, पाणी द्यायची, गप्प. मीही गप्प. बसवराज — आमचा पोरगा — नोकरीला नांदेडला गेला, विष्णुपुरीकडं ऱ्हायला लागला, आणि घरात दोन म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणी उरलं नाही. मला तिच्याशी बोलावं वाटायचं. पण जन्मभर जे केलं नाही ते म्हातारपणी कसं करायचं? तुम्हीच सांगा. काय म्हणून सुरुवात करायची?

एकदा मी ज्वारीच्या आडून चाललो होतो. दोघी बांधावर बोरं वेचत होत्या. पुतळाबाई म्हणाली, "शेवंते, तुझ्या घरात मालक हाय का कुलूप गं? बोलतच न्हाई."

शेवंता म्हणाली, "कुलूप बरं की. किल्लीनं तरी उघडतं."

आणि दोघी हसल्या. लई हसल्या. पदर तोंडाला लावून.

एवढंच. ह्याच्यापेक्षा मोठं काही घडलं नाही. मी लपवत नाही, खरंच एवढंच घडलं. पण मला ते लागलं. बायको दुसऱ्या बाईपाशी माझ्यावर हसते, आणि माझ्यापाशी हसत नाही. मी त्या दिवसापासून पुतळाबाईच्या नावानं कुरकुर सुरू केली. मारोतीचा ट्रॅक्टर बांध दाबतो. त्याची शेरडं हरभऱ्यात शिरतात. खरं थोडं होतं, बाकीचं मी वाढवलं. त्या पावसाळ्यात मारोतीशी वाटेवर चार माणसांत बोलाचाली झाली. तो म्हणाला, "काका, वाट काय तुमच्या एकट्याच्या बापाची हाय का?" लोकांनी ते ध्यानात ठेवलं. ते पुढं माझ्या कामाला आलं — असं लिहिताना मला शरम वाटते, पण आलं.

आता येळवस. तुम्ही लातूरकडचे नसाल तर सांगतो. पौषाच्या तोंडावरची अवस, आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्याला रान नाही त्याला बोलवायचं. वाटसरूला बोलवायचं. भांडण असंल त्यालाही त्या दिवशी बोलावतात. माझा बाप म्हणायचा, येळवसेला वैऱ्याच्या पानातली भज्जीसुद्धा आपलीच.

त्या येळवसेच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या टायमाला, मी ती वाट बंद केली.

कुऱ्हाड घेतली आणि विहिरीवरची जाळी तोडली. फळाला आलेली. दुसरी तोडायला उघड्या बांधावर नाहीतर ओढ्यापर्यंत जावं लागलं असतं, कुणी बघितलं असतं. विहीर ज्वारीच्या आड होती. बेळक्यानं — म्हणजे दोन फाट्यांच्या काठीनं — फांद्या ओढत नेल्या आणि बांधाच्या वळणावर, जिथून पुतळाबाईचं रान लागतं तिथं, आडव्या टाकून दाबल्या. बोरं होती फांद्यांना. पिकलेली, तांबडी. मनात काय होतं? उद्या त्या दोघींचं येणं-जाणं होऊ नये. एक येळवस तरी शेवंतानं माझ्या कोपीत, माझ्यापाशी बसावं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला पुतळाबाईला दाखवायचं होतं, कुलूप कसं असतं ते.

आणि शेवंताला शुगर होती. हे आधी सांगायला पाहिजे होतं. तळपाय बधिर झाले होते तिचे. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही, दहा पावलं तशीच चालायची. मीच हसायचो, "अगं, पायताण मागं ऱ्हायलं तुझं."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. माहीत नव्हतं असं मी कधी म्हणालो तर खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. कोपीत पाहुणे बसले होते, शेवंताचा भाऊ, माझे दोन चुलते, गल्लीतली पोरं. शेवंतानं आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "पुतळाला देऊन येते." मी काहीच बोललो नाही. मला वाटलं, काट्या बघंल आणि परत येईल. पण डोक्यावर भरलेलं बिंदगं, मान ताठ, नजर समोर — माणसाला पायाखालचं दिसतं का?

मी कोपीच्या तोंडाशी बसलो होतो. तिचं डोकं, ते बिंदगं, ज्वारीच्या वरून जाताना दिसत होतं. वळणापाशी पोचत आली. एक हाक मारली असती तर थांबली असती. माझा आवाज रानभर जातो. तोंड उघडलंही होतं. पण हाक मारली तर सगळे विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक तिथं काट्या आहेत? चुलते बसले होते. मेव्हणा बसला होता. येळवसेला वाट अडवणारा माणूस म्हणून गावभर झालं असतं.

मी उघडलेलं तोंड मिटलं. वर उंड्याचा घास घेतला.

ती परत आली. अर्ध्या दिवसानं. चेहरा काही वेगळा नव्हता. पायावर दोन-चार ओरखडे, त्याचं काय, रानातल्या बाईला रोजचे. पदरात मूठभर बोरं होती. पाहुण्यांना दिली नाहीत. माझ्यापुढं आली, माझा हात धरून तळहातावर ओतली आणि म्हणाली, "खा."

मी खाल्ली. तिच्याकडं न बघता खाल्ली. चव लागली नाही मला.

काही दिवसांनी टाच सुजली. तिला दुखत नव्हतं, म्हणून तिनं बघितली नाही, मी बघितली नाही. वास यायला लागला तेव्हा गावच्या डॉक्टरनं टाचेतून काटा काढला. वाकडा. त्यानं लातूरला न्यायला सांगितलं. तिथं आधी बोटं काढली. मग गुडघ्याच्या खालून पाय. बसवराज आला. डॉक्टरनं त्याला समजावून सांगितलं, काट्यापासून सुरू झालं म्हणून. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "आप्पा, तिथं काट्या कुणी टाकल्या?"

मी गप्प.

तोच म्हणाला, "मारोतीनं. दुसरं कोण. पावसाळ्यात भांडला होता ना तो तुमच्याशी?"

मी म्हणालो, "असंल."

'असंल.' हा एक शब्द. मी मारोतीचं नाव घेतलं नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. नाव पोरानं घेतलं, मी नुसतं असंल म्हणालो. पण नुसतं असंल म्हणून एका माणसाला गावाच्या मनातून उतरवता येतं, बघा तुम्ही. आठवड्यात सगळ्या गावाला कळलं, मारोतीनं येळवसेच्या तोंडावर वाट अडवली आणि म्हातारीचा पाय घालवला. तो बिचारा म्हणत राहिला, "माझीच वाट मी कशाला अडवू?" कुणी ऐकलं? सरळ गोष्ट होती, लेकरालाही कळली असती. पण माझं तोंड बंद होतं, आणि लोक घरच्या माणसाच्या तोंडाकडं बघतात.

हेही सगळं नाही. पुढचं लिहायचं म्हणून मघापासून हात घासतोय. गाडी वाजली वाटतं. नाही, दुधाची आहे.

दवाखान्यात एका दुपारी बसवराज जेवायला खाली गेला होता. मी आणि ती दोघंच. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. तशीच डोळे मिटून बोलली.

"ती विहिरीवरची बोराटी होती."

मी म्हणालो, "काय?"

"वाटेवरची. येताना फांदीची दोन बोरं तोंडात टाकली मी. विहिरीवरचीच. तसलं बोर दुसरीकडं न्हाई." मग जराशानं म्हणाली, "तुम्ही टाकल्या ना काट्या?"

रागानं नाही विचारलं. आपण भाजीत मीठ घातलं का विचारतो, तसं विचारलं. म्हणजे तिला त्या दिवसापासून माहीत होतं. बोरं आणून हातावर ओतली तेव्हाही माहीत होतं. पाय जाईपर्यंत, मारोतीचं नाव होईपर्यंत ती माझी वाट बघत होती — मी बोलंन म्हणून. जन्मभर न बोललेला माणूस एवढं तरी बोलंल म्हणून. दुसरं कुणी नव्हतं खोलीत. तिनं मला सगळ्यांत सोपी जागा दिली होती. हो म्हणायचं होतं नुसतं.

मी म्हणालो, "मी न्हाई टाकल्या."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर ती पोराशी बोलली, नर्सशी बोलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलली. माझ्याशी बोलली ते पाणी द्या, उशी सरकवा, एवढंच. 'बरं' हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं, मी असं धरतो. मरणाऱ्या बाईला मी खोटं सांगितलं. तिनं खरं सांगून विचारलं आणि मी खोटं सांगितलं. पाय माझ्या भेकडपणानं गेला, ते एक. पण हे मी बसून, तिच्याकडं बघून, शुद्धीत केलं.

पायाचं विष अंगात चढून ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तिला आमच्याच रानात, विहिरीपाशी बसवली. विभूती, बेलाची पानं, आणि मग आलेला प्रत्येकजण मूठ-मूठ माती टाकतो. पुतळाबाई मारोतीला घेऊन आली, ओढ्याकडून वळसा घालून. मुठीत तिच्या रानातली माती होती. बसवराज बांधावर आडवा उभा राहिला. म्हणाला, "एक पाऊल पुढं टाकायचं न्हाई." मारोतीनं हात जोडले. पुतळाबाई मात्र त्याच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "दाजी, तुम्ही तर सांगा ह्याला. एक मूठ टाकू द्या. एका ताटात जेवलेली हाय मी तिच्या."

मी मान खाली घातली. ती मुठीतली माती तशीच घेऊन माघारी गेली.

त्या काट्या मी काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर पोराला वाटलं असतं मी मारोतीला माफ केलं. आणि ते मला परवडत नव्हतं, कारण मग तो विचारू लागला असता. फांद्या वाळल्या, कुजल्या. पण बोरं होती त्यांना. पावसाळ्यात तिथं रोपं आली. उपटली तरी पुन्हा येतात, तुम्हाला सांगितलंच. आता वळणावर कमरेएवढी दाट जाळी आहे, अख्खी वाट भरून. फळते. पाखरं येतात. मारोती अजून ओढ्याकडून जातो. गेल्या पावसाळ्यात त्याचं सोयाबीन काढूनही बाहेर आणता आलं नाही, गंजी जागेवर काळी पडली. आता तो रान विकायचं म्हणतो. आणि घेणार कोण, वाट नसलेलं रान? पुतळाबाई खाटेवर आहे. तिला त्या रानात पुरायचं का गावाबाहेरच्या जागेत, ह्यावर त्यांच्या घरात बोलणं चाललंय म्हणे. रानात नेणार कुठून?

आणि बसवराज आज तार ठोकायला येतोय. काल फोनवर म्हणाला, "आप्पा, आईची वाट ज्यानं अडवली त्याची वाट मी कायमची अडवतो. सिमेंटमधी अँगल रोवतो." आवाजात रडू होतं त्याच्या. माझ्यावरचा त्याचा जीव ह्या एका 'असंल'वर उभा आहे. माझं जेवण-खाण, दवापाणी, सगळं तो बघतो. सून भली आहे. नांदेडला चला म्हणते. हे कळल्यावर म्हणंल का?

कितीदा तरी ओठापर्यंत आलं होतं. सणाला आलं, आजारपणात आलं, तिच्या वर्षश्राद्धाला सगळे जेवायला बसले तेव्हा आलं. दर टायमाला मी पाणी पिऊन खाली ढकललं. मला भीती वाटते. म्हातारपणी एकटं पडायची भीती वाटते, हे मी लाजून सांगतो. पुतळाबाई मेली आणि सांगायला माणूसच उरलं नाही तर सुटंन, असंही एकदा मनात येऊन गेलं. तेही लिहून ठेवतो. मनात आलं होतं.

आला टेम्पो. आता खरंच आला, लोखंड वाजतंय.

अंगणात उतरवतायत. बसवराज म्हणतो, "आप्पा, चहा नंतर. आधी दाखवा, पहिला खड्डा कुठं घ्यायचा."

जातो. वळणावर घेऊन जातो त्याला, आणि त्या जाळीपुढं उभा करून सांगतो, काट्या मी टाकल्या, हाक मी मारली नाही, तुझ्या आईनं विचारलं आणि मी तिला नाही म्हणालो. मग मारोतीच्या घरी जाऊन पुतळाबाईच्या खाटेपाशी तेच सांगतो. तिनं तोंड फिरवलं तर फिरवलं. पोरगा रात्री घरात ठेवो, न ठेवो.

कुऱ्हाड बरोबर घेतो. जाळी तोडायला वेळ लागंल.